डीजी सेटची डिझेल रिटर्न लाइन कशी आखावी: पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

डीजी सेट (डिझेल जनरेटर) बसवताना सप्लाय लाइनवर, म्हणजे टाकीतून इंजिनाला डिझेल नेणाऱ्या पाइपवर, भरपूर चर्चा होते. फिल्टर कुठे लावायचा, वॉटर सेपरेटर कोणता, टाकीचा आउटलेट तळापासून किती वर. रिटर्न लाइनचा विषय मात्र "उरलेलं डिझेल परत टाकीत सोडा" एवढ्या एका वाक्यात संपतो, आणि शेवटी फॅब्रिकेटरकडे जो पाइप शिल्लक असेल तो लागतो. पुढे सहा महिन्यांनी इंजिन सकाळी उशिरा स्टार्ट होऊ लागतं, लोडवर काळा धूर सोडतं किंवा लीक-ऑफचे (इंजेक्टरमधून झिरपलेलं डिझेल परत नेणारे) छोटे पाइप निसटू लागतात. मग नोझल बदलली जातात, पंप कॅलिब्रेशनला जातो, आणि दोष तिथे नसतोच.

रिटर्न लाइनमधला दाब हा इंजिनाच्या इंधन यंत्रणेचाच भाग आहे. तो सप्लायइतकाच मोजून ठरवायचा असतो. हिशोब अवघड नाही, फक्त तो पाइप विकत आणण्याआधी करावा लागतो.

हा लेख वेगळ्या डे टँकवर (सेटजवळच्या रोजच्या वापराच्या टाकीवर) चालणाऱ्या सेटसाठी आहे, म्हणजे हॉस्पिटल, सोसायटी, कारखाना अशा ठिकाणी दिसतात तसे. ज्या सेटची टाकी बेस फ्रेममध्येच आहे तिथे कंपनीनेच लाइन दिलेली असते. ती बदलू नका.

सुरुवातीला जवळ काय हवं

- इंजिनाची टेक्निकल डेटाशीट. डीजी सेटचं माहितीपत्रक नव्हे, खुद्द इंजिनाची.
- जागेचा नकाशा: टाकी, इंजिन आणि त्यांच्या उंचीतला फरक.
- पाइपच्या मार्गाची लांबी, एल्बो आणि व्हॉल्व्हची मोजदाद.
- चाचणीसाठी ० ते १ बारचा प्रेशर गेज, टी-जोडणी, डिझेलला चालणारी फूटभर पारदर्शक नळी आणि थर्मामीटर.
- उंचीतला फरक मोजायला लेव्हल ट्यूब. इमारतीच्या कामात वापरतात ती साधी पाण्याची नळी पुरते.

१. किती डिझेल परत येतं ते आधी शोधा

फीड पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल पाठवतो. हे जास्तीचं डिझेल पंप आणि इंजेक्टर थंड ठेवतं, त्यांना वंगण देतं आणि लाइनमध्ये शिरलेली हवा सोबत घेऊन जातं. किती परत येईल ते इंजिनाच्या प्रकारावर अवलंबून असतं. जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनात ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून येणारं आणि इंजेक्टरच्या लीक-ऑफचं मिळून माफक डिझेल परतते. युनिट इंजेक्टरच्या (पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या) इंजिनांत जळणाऱ्या डिझेलच्या दुप्पट-तिप्पटही परत येऊ शकतं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या पद्धतीत, हाय प्रेशर पंप, रेलचा प्रेशर व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर अशा तीन जागांहून परत येतं, आणि ते चांगलंच गरम असतं, कारण दीड-दोन हजार बारवरून एकदम खाली आलेल्या डिझेलच्या दाबातली ऊर्जा उष्णतेत जाते. ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या सेटना १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार-प्लसचे धूर-उत्सर्जनाचे नियम लागू झाले. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक इंजिनं सगळीकडे दिसू लागली आहेत, म्हणून हा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा झाला आहे.

डेटाशीटमध्ये तीन आकडे शोधा: पंपाचा एकूण फ्लो, फुल लोडला होणारा खप आणि रिटर्न फ्लो.

नवखे लोक इथे फुल लोडचा रिटर्न धरून पाइप ठरवतात. इंजिन फुल लोडवर असताना जास्तीत जास्त डिझेल जळतं, म्हणजे रिटर्न सर्वांत कमी असतो. पूर्ण आरपीएमवर पण बिनालोडचं इंजिन चालतं तेव्हा पंपाने उचललेलं जवळजवळ सगळं डिझेल परत येतं. म्हणून पाइपचं माप पंपाच्या एकूण फ्लोवर ठरवा.

पुढे एकच उदाहरण घेऊ. ५०० केव्हीएचा सेट आहे. फुल लोडला तो ताशी साधारण १०० लिटर जाळतो आणि, समजा, त्याच्या डेटाशीटवर पंपाचा फ्लो ताशी ३५० लिटर दिला आहे. आपण ३५० धरायचे, २५० नाही.

२. रिटर्नला किती दाब चालतो ते पाहा

त्याच डेटाशीटवर रिटर्न लाइनमधल्या कमाल अडथळ्याचा आकडा असतो. तो बार, किलोपास्कल किंवा पाऱ्याचे मिलिमीटर यांत दिलेला असतो. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजेच पाऱ्याचे सुमारे ७५० मिमी. आकडा इंजिनागणिक फार वेगळा असतो. काही जुन्या मॉडेलना ०.१ बारही जास्त होतो, काहींना त्याच्या कित्येक पट चालतो. शेजारच्या सेटला चाललं ते आपल्याला चालेल असं धरू नका. आपल्या उदाहरणात ०.२ बार धरू.

या ०.२ बारमध्ये सगळंच बसवायचं असतं: पाइपचं घर्षण, एल्बो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल एकाच दिशेने जाऊ देणारा), फ्युएल कूलर असल्यास त्याचा अडथळा आणि टाकीपर्यंत चढायची उंची. टाकीचा व्हेंट (हवा जायचा मार्ग) चोंदला तर टाकीतला दाबही यातच जमा होतो.

३. टाकीची उंची

डिझेलची घनता लिटरला साधारण ०.८३ किलो. म्हणजे १ मीटर उंचीच्या डिझेलच्या स्तंभाचा दाब सुमारे ०.०८ बार. टाकीच्या माथ्यावरचं रिटर्नचं तोंड इंजिनाच्या रिटर्न आउटलेटपेक्षा ३ मीटर वर असेल, तर ०.२४ बार उंचीतच गेला. आपली मर्यादा ०.२ आहे. आता पाइप कितीही मोठा टाका, काम होणार नाही.

"टाकी वर ठेवू, डिझेल आपोआप येईल" हा सल्ला सप्लायच्या बाजूने बरा वाटतो आणि रिटर्नच्या बाजूने घात करतो. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. टाकीतली पातळी इंजेक्टरच्या वर असेल आणि एखादं नोझल नीट बंद होत नसेल, तर बंद इंजिनाच्या सिलिंडरमध्ये रात्रभर डिझेल झिरपू शकतं. सकाळी स्टार्टर मारला की पिस्टनला दाबता न येणारा द्रव लागतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून डे टँक अशी ठेवा की पूर्ण भरल्यावरही तिची पातळी इंजेक्टरच्या खाली राहील. जागेमुळे ते शक्यच नसेल तर सप्लायवर इंजिन थांबताच बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि रिटर्नवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा लागतो, आणि त्या नॉन-रिटर्नचा अडथळा हिशोबात धरावा लागतो.

मुंबई-पुण्यात उलट परिस्थितीही भेटते: सेट गच्चीवर किंवा पोडियमवर, मुख्य टाकी खाली तळमजल्यावर. रिटर्न थेट खाली सोडला तर उभ्या पाइपातलं डिझेल स्वतःच्या वजनाने खाली ओढतं, वर निर्वात तयार होतो आणि इंजिनातलं डिझेल निथळून जातं. मग दर वेळी आधी एअर काढायची आणि मग स्टार्ट करायचं. अशा जागी सेटशेजारी डे टँक ठेवा, रिटर्न तिथेच सोडा, आणि डे टँकपासून मुख्य टाकीपर्यंत वेगळी ओव्हरफ्लो लाइन काढा. ही ओव्हरफ्लो लाइन ट्रान्सफर पंपाचा पूर्ण फ्लो वाहून नेईल इतकी मोठी हवी. पंपाचा फ्लोट स्विच अडकला तर डिझेल जमिनीवर येण्यापासून तीच वाचवते.

४. पाइपचं माप

उदाहरणातला पाइपचा मार्ग १५ मीटर आहे. ताशी ३५० लिटरला केवळ घर्षणाने होणारी दाबाची घट साधारण अशी येते:

- आतला व्यास ८ मिमी: सुमारे १.१ बार
- १० मिमी: सुमारे ०.३८ बार
- १२ मिमी: सुमारे ०.१६ बार
- १६ मिमी: सुमारे ०.०४ बार

व्यास ८ वरून १६ मिमी केला, म्हणजे दुप्पट, तर अडथळा सुमारे सत्तावीस पटींनी उतरला. प्रवाह खळाळता असतो तेव्हा दाबाची घट व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलते. पाइपच्या बिलात वाचवलेले थोडे पैसे इथे फार महाग पडतात.

आता वरच्या यादीत "आतला" हा शब्द पुन्हा वाचा. दुकानात १२ मिमीची स्टील ट्यूब मागितली की ती बाहेरून १२ मिमी मिळते. जाडी १.५ मिमी असेल तर आत ९ मिमीच उरतात, आणि ०.१६ बारच्या जागी ०.६ बारच्या वर घट येते. एमएस (माइल्ड स्टील) पाइपचं उलट असतं. अर्धा इंची मीडियम क्लासच्या पाइपचं आतलं माप साधारण १६ मिमी भरतं. होज पाइप आतल्या व्यासाने विकतात, पण त्यांच्या टोकांच्या निपलचं भोक बरंच बारीक असतं. कॅलिपर घेऊन जा आणि सगळ्यात अरुंद जागा मोजा.

आपला हिशोब पुरा करू. १६ मिमी पाइप घेतला. प्रत्येक ९० अंशाचा एल्बो साधारण ३० व्यासांइतका सरळ पाइप धरायचा, म्हणजे इथे अर्धा मीटर. आठ एल्बोंचे ४ मीटर. वाढीव धरून एकूण लांबी २० मीटर, घट सुमारे ०.०५५ बार. टाकीचं तोंड इंजिनापेक्षा १ मीटर वर, ०.०८ बार. इंजिनाजवळच्या फ्लेक्सिबल होजसाठी ०.०२ बार. बेरीज ०.१५५. मर्यादा ०.२, म्हणजे चालेल. याच ठिकाणी १२ मिमी घेतला असता तर सरळ पाइप आणि उंची मिळूनच ०.२४ झाले असते.

स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावणार असाल तर तो किती दाबाला उघडतो हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ०.१ बारला उघडणारा व्हॉल्व्ह आपल्या या नेटक्या हिशोबाची वाट लावेल.

रिटर्न पाइप कधीही सप्लायपेक्षा बारीक ठेवू नका. शंका असेल तर दोन्ही एकाच मापाचे घ्या.

५. पाइप कशाचा

काळा एमएस पाइप किंवा स्टेनलेस स्टील. बस.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप नको. प्लंबरकडे तोच तयार असतो म्हणून तो हमखास लागतो. जस्ताचा थर डिझेलमधल्या सेंद्रिय आम्लांशी संयोग पावून साबणासारखा चिकट पदार्थ तयार करतो. रिटर्नमधून तो टाकीत जातो, टाकीतून फिल्टरमध्ये आणि शेवटी इंजेक्टरवर. तांब्याचा पाइपही नको. तांब्याच्या सान्निध्यात डिझेल लवकर खराब होऊन गाळ धरतं, आणि रिटर्नचं डिझेल तर गरमच असतं. बँजो बोल्टचे (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर चालतात, मात्र प्रत्येक वेळी नवे घाला.

पाण्यासाठी वापरतात ती, धाग्यांची जाळी घातलेली पारदर्शक पीव्हीसी नळी कायमची लावू नका. डिझेलमध्ये ती कडक होते, तडकते, आणि गरम डिझेल सायलेन्सरवर टपकतं. इंजिन आणि स्थिर पाइप यांच्यामध्ये डिझेलसाठीच बनवलेली, तापमानाचा आकडा छापलेली फ्लेक्सिबल होज हवी, कारण इंजिन हलतं आणि पाइप हलत नाही. होजला थोडी ढिलाई ठेवा, पण ती टर्बो किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरून नेऊ नका.

आट्यांवर टेफ्लॉन टेप न गुंडाळता डिझेलला चालणारं द्रव सीलंट लावा. टेपचे तुकडे कुठे जाऊन अडकतील सांगता येत नाही. पाइप जोडण्याआधी आतला वेल्डिंगचा मळ आणि कापल्यावर राहिलेले धातूचे कंगोरे हवेने फुंकून काढा.

छोट्या इंजिनांवर व्हीई प्रकारचा रोटरी पंप असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या परतीच्या बँजो बोल्टवर "आउट" असं कोरलेलं असतं आणि त्यात मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं. सप्लायच्या बोल्टशी तो दिसायला सारखाच असतो. अदलाबदल झाली की पंपाच्या आतला दाब बिघडतो. त्याचप्रमाणे काही कॉमन रेल इंजिनांच्या इंजेक्टर रिटर्नमध्ये ठरावीक दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिनावरचे हे भाग कंपनीचे. आपलं काम त्यांच्या पुढे सुरू होतं.

६. टाकीत कुठे सोडायचं

सप्लायचा आउटलेट आणि रिटर्नचं तोंड टाकीच्या विरुद्ध टोकांना ठेवा, मध्ये शक्य असेल तर आडवी पडदी. दोन्ही शेजारी असतील तर गरम, फेसाळ डिझेल थंड व्हायच्या आणि हवा सोडायच्या आतच पुन्हा इंजिनात जातं.

रिटर्न पातळीच्या वर सोडायचा की बुडवायचा, यावर कंपन्यांच्या सूचना वेगळ्या आहेत. ज्याचं इंजिन त्याचं ऐका. सूचनाच नसेल तर मी तोंड टाकीच्या माथ्याजवळ, पातळीच्या वर ठेवतो. पाइप कुठे सुटला तर टाकी सायफनने रिकामी होत नाही. मात्र धार थेट खाली आपटू न देता टाकीच्या भिंतीवरून ओघळू द्या, म्हणजे फेस कमी होतो.

आता तापमान. समजा ताशी २५० लिटर डिझेल टाकीतल्यापेक्षा २० अंशांनी गरम होऊन परततंय. ही साधारण २.३ किलोवॉट उष्णता झाली, म्हणजे मोठ्या गीझरएवढी, तासन् तास चालू. ९९० लिटरची टाकी भरलेली असेल आणि भिंतींतून काहीच उष्णता बाहेर जात नसेल तर तासाला ५ अंश वाढ. अर्धी असेल तर १० अंश. प्रत्यक्षात टाकी थोडी थंड होत राहते, नवं डिझेल येत राहतं, पण विदर्भातल्या मे महिन्यात, सेटच्या बंद कॅनोपीशेजारी (आवरणाशेजारी), आठ तासांच्या लोडशेडिंगमध्ये हा हिशोब मनावर घ्यावाच लागतो. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात साधारण ३८ अंशांच्या वर दर ६ अंशांना ढोबळमानाने एक टक्का ताकद कमी होते, कारण गरम डिझेल विरळ असतं. इंजिनात शिरणाऱ्या डिझेलची कमाल मर्यादा बहुधा ६०-७० अंशांच्या आसपास असते. नेमका आकडा डेटाशीटवर पाहा. तिथवर पोचत असाल तर टाकी मोठी करा, सावलीत हलवा किंवा फ्युएल कूलर लावा.

उष्णतेची दुसरी बाजू सुरक्षेची. आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश असावा लागतो, यापेक्षा वरची हमी नाही. रिटर्न लाइनमधलं डिझेल त्याच्या कितीतरी वर असतं. गळती "थोडीशीच आहे" म्हणून सोडू नका. टाकीखाली तिच्यातलं सगळं डिझेल मावेल असा बंड (अडवणारा कठडा) बांधा.

डे टँक ९९० लिटरचीच का दिसते, हे नवे लोक विचारतात. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे डिझेल ब वर्गात मोडतं. एकूण साठा २५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. त्यापुढे परवान्यासाठी बहुधा नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) जावं लागतं. म्हणून "टाकी मोठी करू" हा उपाय कागदावर काढण्याआधी एकूण लिटर मोजा.

७. रिटर्नवर बंद होणारा व्हॉल्व्ह नको

बॉल व्हॉल्व्ह लावायचा मोह सगळ्यांना होतो, सर्व्हिसिंगला सोयीचा म्हणून. कोणीतरी तो बंद करतं आणि उघडायला विसरतं. इंजिन सुरू होताच परतीचा रस्ता अडतो, दाब चढतो, सील फुटतात, काही इंजिनांत डिझेल थेट ऑइल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फार टिकत नाही. ग्राहकाने फारच आग्रह धरला तर उघड्या स्थितीत कुलूप लावता येईल असाच व्हॉल्व्ह द्या.

दोन टाक्या असतील तर सप्लाय आणि रिटर्न एकाच हँडलने, एकाच वेळी बदलतील अशी व्यवस्था हवी. एका टाकीतून उचलून दुसरीत परत सोडलं तर पहिली रिकामी होते आणि दुसरी वाहू लागते.

८. दोन-तीन सेट असतील तर

प्रत्येक सेटची रिटर्न लाइन टाकीपर्यंत वेगळी न्या. पाइप जास्त लागतो, पण चालू सेटचा दाब बंद सेटवर येत नाही. एकत्र हेडर (सगळ्यांचा सामाईक पाइप) करायचाच असेल तर तो सगळ्या पंपांच्या बेरजेच्या फ्लोवर मापा आणि प्रत्येक फांदीवर कमी दाबाला उघडणारा नॉन-रिटर्न लावा.

९. चाचणी

इंजिनाच्या रिटर्न आउटलेटवर टी लावून गेज बसवा. गेज टाकीजवळ लावून उपयोग नाही. सेट बिनालोड, पूर्ण आरपीएमवर चालवा आणि दाब वाचा. हिशोबापेक्षा बराच जास्त आला तर आधी व्हेंटची जाळी पाहा, मग होजची वळणं, मग निपलची भोकं.

पारदर्शक नळी तात्पुरती रिटर्नमध्ये घाला. पहिली काही मिनिटं बुडबुडे येणारच. इंजिन गरम झाल्यावरही ते येत राहिले तर सप्लायच्या बाजूला, बहुधा फिल्टरच्या बैठकीपाशी किंवा एखाद्या जोडणीत, इंजिन एअर घेतंय. चाचणी झाली की नळी काढून कायमची होज लावा.

त्यानंतर लोडवर तासभर चालवून तीन तापमानं लिहा: टाकीतलं, इंजिनात शिरणारं, परतणारं. टाकी अर्धी असताना हे परत करा. भरलेल्या टाकीवरची चाचणी नेहमीच गोड निकाल देते. शेवटी सेट रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी डिझेल भरायचा हँडपंप न मारता स्टार्ट करा. पहिल्या क्रँकिंगला उचलला नाही तर रिटर्नमधून डिझेल निथळतंय का ते तपासा.

दाबाचा आणि तापमानाचा आकडा, तारीख आणि टाकीतली पातळी एका कागदावर लिहून तो कागद लॅमिनेट करून कंट्रोल पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा. पाइपवर बाणाने दिशा रंगवा. वर्षभराने सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला तोच गेज त्याच जागी लावून आकडा ताडून पाहता येईल, आणि नोझल खोलण्याआधी रिटर्न लाइन तपासता येईल.